कारण : ऑपरेटरचे दुर्लक्ष, उपाय : समज दिली

आमच्या कारखान्यातली रिजेक्शनची कुठलीही जुनी फाइल उघडा. पीस का बिघडला हे शोधण्यासाठी एक छापील तक्ता असतो, त्यात पाच वेळा 'का?' विचारायचं असतं. पहिल्या तीन 'का'पर्यंत माणसं मशीनबद्दल, टूलबद्दल, मापाबद्दल लिहितात. चौथ्याला दम लागतो आणि पाचव्या ओळीत ठरलेलं वाक्य येतं : ऑपरेटरचे दुर्लक्ष. समोरच्या रकान्यात उपाय : ऑपरेटरला समज दिली. खाली ऑपरेटरची सही, सुपरवायझरची सही, माझी सही. फाइल बंद. पुढच्या महिन्यात तोच पार्ट, तेच माप, तीच समज.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी बघते. सीएनसी टर्निंग, ग्राइंडिंग आणि शेवटी एक छोटी असेंब्ली लाइन, असा आमचा पसारा. तीन शिफ्ट. आयटीआय झालेली पोरं, बरीचशी मराठवाडा-विदर्भातून आलेली, निम्म्याहून जास्त कंत्राटी किंवा अप्रेंटिस. त्यांच्यावर सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारे जाणकार, आणि सेटरवर सुपरवायझर. या सगळ्यांत 'कोचिंग कल्चर', म्हणजे उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारून माणसाला विचार करायला लावायची सवय, रुजवायचं असा निरोप ग्रुपच्या एचआरकडून आला, तेव्हा आमच्या प्लांट हेडनी मेल मला फॉरवर्ड केला आणि वर एवढंच लिहिलं : 'बघा जरा.'

सुरुवात रीतीप्रमाणे झाली. तळेगावजवळच्या हॉटेलात दोन दिवसांचं वर्कशॉप. प्रशिक्षक हुशार होते, बोलायला गोड होते, पण त्यांचा सगळा अनुभव बँकांमधला आणि आयटीमधला. त्यांनी 'ग्रो' मॉडेल शिकवलं : ध्येय काय, सध्या कुठे आहोत, पर्याय कोणते, काय करणार. ब्रिटनमधून जगभर गेलेली ही चौकट आहे आणि तिच्यात खोट काही नाही. खोट आमच्या जागेत होती. आमच्या सुपरवायझरच्या हाताखाली शिफ्टला वीस-बावीस माणसं, बोर्डवर तासातासाचं टार्गेट आणि आजूबाजूला असा आवाज की कानात प्लग घालावे लागतात. तिथे कुणाला शांतपणे समोर बसवून पाऊण तास बोलायचं कुठे? कॅन्टीनमध्ये पोस्टर लागलं. आठवडाभर पोरांनी त्याची मस्त मजा घेतली. कुणी विचारलं 'आज भाजी काय आहे रे?' की उत्तर यायचं, 'तुला काय वाटतं?' मला ते विनोद आवडले. निदान कार्यक्रम लोकांपर्यंत पोचला होता.

खरी सुरुवात झाली ती सकाळच्या मीटिंगमध्ये. रोज साडेआठला आदल्या दिवसाचं रिजेक्शन टेबलावर मांडलं जातं, अक्षरशः लाल बिनमधले पीस आणून. प्लांट हेड पीस उचलतात, विचारतात, 'हे कोणामुळे?' आणि सुपरवायझर नाव सांगतो. हे वर्षानुवर्षं चाललेलं. मी त्यांना म्हटलं, साहेब, इथे 'कोणामुळे' विचारलं जातं तोवर खाली कुणीही कुणाला प्रश्न विचारणार नाही, कारण आपल्याकडे प्रश्न म्हणजे झाडाझडती. त्यांना ते पटायला वेळ लागला. पटलं तेव्हा मात्र त्यांनी एक फतवा काढला : रिजेक्शनच्या तक्त्यात 'दुर्लक्ष' आणि 'समज दिली' हे शब्द चालणार नाहीत, कागद परत येईल.

पहिले काही दिवस कागद धडाधड परत आले. मग लोकांनी पळवाटा काढल्या. 'ऑपरेटरला मार्गदर्शन केले.' परत. 'ऑपरेटरला जागरूक केले.' परत. एका सुपरवायझरने वैतागून लिहिलं, 'माहीत नाही.' तो कागद प्लांट हेडनी परत पाठवला नाही, मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला आणि म्हणाले, 'चला, मशीनवर जाऊन बघू.' त्या दिवसापासून 'माहीत नाही' हे उत्तर आमच्याकडे चालायला लागलं. माझ्या मते वर्कशॉपच्या दोन दिवसांपेक्षा त्या एका कागदाने जास्त काम केलं.

इथे एक फरक नीट सांगायला हवा, कारण कोचिंगच्या गप्पांमध्ये तो हमखास बुडतो. ज्याला बोअर गेज, म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन, धरता येत नाही त्याला 'तुला काय वाटतं?' विचारणं ही चेष्टा आहे. त्याला आधी शिकवायला हवं. प्रश्न विचारायचे ते ज्याला काम येतं पण विचार करायची सवय नाही, त्याला. आमच्याकडे दोन्ही गोष्टींची बोंब होती, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या हाताळल्या.

शिकवण्यासाठी आम्ही जुनीच पद्धत घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांना नवखी माणसं घेऊन एकदम उत्पादन वाढवायचं होतं. 1940 साली तिथे 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि 1945 मध्ये बंद होईपर्यंत त्यातून 16 लाखांहून जास्त लोक तयार झाले. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटासारख्या कंपन्यांत मुरला. त्यातली काम शिकवायची रीत चार पायऱ्यांची : माणसाला तयार करा, करून दाखवा, त्याला करू द्या, नंतर येऊन बघत राहा. आणि त्यांचं ब्रीद असं की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. आमच्या 'समज दिली'च्या नेमकं उलटं.

यासाठी कामाची फोड करावी लागते. कागदावर तीन रकाने : पायरी काय, त्यात जपायचं काय, आणि का. ही फोड करायला मी आमच्या सर्वांत जुन्या सेटरना बसवलं. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. सांगलीकडचे, हातात जादू. त्यांना बोअर गेजचं शिकवणं लिहायला सांगितलं. 35 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे भोक, आणि मापातली सूट एच7, म्हणजे 35.000 ते 35.025. सगळा खेळ 25 मायक्रॉनचा, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

मामांची शिकवण्याची पद्धत ठरलेली : गेज हातात घ्यायचं, बोअरमध्ये घालायचं, 'असं... असं... असं. कळलं?' पोरगा म्हणणार 'हो'. नाही म्हणायची सोय कुठे आहे? पहिला रकाना मामांनी झटक्यात सांगितला. मास्टर रिंग (नेमक्या मापाची कडी) पुसायची, गेज शून्यावर आणायचं, बोअर पुसायचा, गेज आत घालायचं, रीडिंग घ्यायचं. दुसऱ्या रकान्याला अडखळले. गेज आत घातल्यावर नक्की करता काय, मामा? 'काही नाही, बघायचं.' मी म्हटलं, हाताकडे बघा तुमच्या. हात गेज हलकेच पुढे-मागे झुलवत होता. काटा एका बाजूने येतो, एका जागी थांबतो आणि परत फिरतो. जिथून फिरतो ते खरं माप. वीस वर्षं हात हे करत होता, तोंडाने कधी सांगितलं नव्हतं. पोरं गेज सरळ घालून जिथे काटा दिसेल ते लिहीत होती आणि त्यांच्या नावावर दुर्लक्ष जमा होत होतं.

तिसऱ्या रकान्यात, 'का'च्या, मामांनी पुष्कळ वेळ काही लिहू दिलं नाही. मग वाशीमच्या एका अप्रेंटिस पोराने विचारलं, 'मामा, झुलवलं नाही तर काय होईल?' मामा म्हणाले, 'गेज तिरकं बसंल आन् माप जास्त दावंल.' मी म्हटलं, हेच लिहा.

प्रश्न विचारण्यासाठी दुसरी गोष्ट घेतली. माइक रॉदर या अमेरिकन संशोधकाने टोयोटाचा अभ्यास करून पाच प्रश्नांची एक रीत मांडली आहे. ती आम्ही आमच्या भाषेत करून आयकार्डाएवढ्या कार्डावर छापली. काय असायला हवं? आत्ता काय आहे? मध्ये काय आडवं येतंय आणि त्यातलं आज कुठलं धरतोस? काय करून बघणार, आणि काय होईल असं वाटतं? कधी येऊन बघू? मशीनजवळ उभं राहून, दहा मिनिटांत, रोज त्याच वेळी. एका सेटरकडे एकच पोरगा आणि एकच अडचण. सेटरच्या मागे मी किंवा सुपरवायझर उभा, पोराशी एक शब्द बोलायचा नाही, नंतर सेटरला एकच गोष्ट सांगायची.

मामांच्या वाट्याला परभणीचा एक ऑपरेटर आला. त्याच्या मशीनवर चहाच्या सुट्टीनंतर बोअर सरकायचा, म्हणजे त्याचं माप बदलायचं. तो सेटरला हाक मारायचा, मामा यायचे, ऑफसेट मारायचे, म्हणजे मशीनमध्ये मापाची दुरुस्ती भरायचे, जायचे. मामांचा अलिखित नियम होता : सुट्टीनंतरचे पहिले दोन-तीन पीस बाजूला काढायचे, मग ऑफसेट. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. 'व्होल्टेज कमीजास्त होतं,' असं म्हणायचे.

पहिल्या दिवशी पोरगा म्हणाला, इन्सर्ट (टूलची कापणारी कड) बदलून बघतो. मामांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. इन्सर्टचा काही संबंध नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि चांगली कड फुकट जाणार याचा त्यांना जीवावर आल्यासारखा त्रास होत होता. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं, आणि कार्डावरचा प्रश्न वाचला : 'काय हुईल असं वाटतं?' 'सरकणार नाही.' 'कधी येऊ बघायला?' 'चहानंतर, मामा.' चहानंतर बोअर सरकलाच.

पोरगा ओशाळला. मामांनी 'म्हटलं नव्हतं?' असं म्हटलं नाही. तेवढ्यासाठी मी त्यांना आजही मानते. मग पोराने सुट्टीनंतरच्या प्रत्येक पीसचं माप वेळेसकट लिहायला सुरुवात केली, लॉगबुकच्या मागच्या पानावर, पेन्सिलने. दोन-चार दिवसांत रांग दिसायला लागली. पहिला पीस सर्वांत दूर, मग हळूहळू जागेवर. जेवणाच्या सुट्टीनंतर जास्त, चहानंतर कमी. सोमवारी सकाळी सर्वांत जास्त. तोच म्हणाला, 'मामा, मशीन गार पडतंय.'

बरोबर होतं. पोलाद दर मीटरला, दर अंशाला साधारण 11-12 मायक्रॉन वाढतं किंवा आक्रसतं. मशीन चालू असताना टूल सरकवणारा लांब बॉल स्क्रू तापतो, उभं राहिलं की थंड होतो, आणि काही अंशांच्या फरकाने आमच्या 25 मायक्रॉनमधले बरेच खाऊन टाकतो. आम्ही इंजिनिअर मंडळी हे पुस्तकात शिकलेलो असतो, पण त्या मशीनजवळ सोमवारी सकाळी उभं कुणी राहत नाही. उपाय त्यानेच सुचवला : सुट्टी संपायच्या आधी एकाने येऊन मशीन पीस न लावता फिरवत ठेवायचं. वॉर्म-अपचा छोटा प्रोग्राम मामांनी लिहून दिला. आता तो त्या लाइनच्या सगळ्या मशीनवर आहे.

अशा गोष्टी सांगताना सगळं सोपं वाटतं. तसं नव्हतं. एके दिवशी शिफ्ट सुटल्यावर मामा माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, 'मॅडम, एक इचारू? समद्यांना समदं यायला लागलं तर मला कोण इचारंल?' हा प्रश्न कुठल्याही वर्कशॉपमध्ये येत नाही आणि सगळं अडतं ते इथेच. मामांची कारखान्यातली पत कशावर होती? रात्री दोनला मशीन अडलं की घरी फोन जायचा, कंपनीची गाडी जायची, मामा यायचे, अर्ध्या तासात लाइन चालू, आणि सकाळी साडेआठच्या मीटिंगमध्ये टाळ्या. ज्या सेटरची लाइन रात्रभर बिनबोभाट चालली त्याचं नाव मीटिंगमध्ये कधीच येत नव्हतं. आग विझवणाऱ्याला शाबासकी मिळते तिथे कोणता शहाणा माणूस आपली विद्या वाटून टाकेल? मामा स्वार्थी नव्हते. आम्ही लावलेला हिशेब त्यांना बरोबर कळला होता, एवढंच.

हिशेब बदलायला मग प्लांट हेड आणि एचआर दोघांना बसवावं लागलं, आणि कोचिंगमधला खरा घाम तिथे गाळला. भाषणं नाही, तीन रटाळ निर्णय. सेटरच्या वार्षिक वाढीत 'शिकवलेली माणसं' हा मुद्दा आला, आणि त्याला वजन मिळालं. शिकणारा ज्या मशीनवर आहे त्याचं तासाचं टार्गेट पहिला आठवडा कमी धरलं जाईल, असं लेखी ठरलं. प्रॉडक्शनवाल्यांनी यावर जीव काढला, पण हे झालं नसतं तर बाकी सगळं नाटक होतं. आणि सकाळच्या मीटिंगमध्ये कुणाला का बोलवावं लागलं नाही, याचीही चर्चा व्हायला लागली.

स्किल मॅट्रिक्सचंही तेच. प्रत्येक लाइनच्या बोर्डवर नावापुढे चार भागांचं वर्तुळ असतं : एक भाग भरला म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ 16949 या मानकाच्या ऑडिटला तो तक्ता हमखास बघतात, त्यामुळे तो ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी ऑफिसात बसून स्केचपेनने रंगवायची प्रथा सगळ्याच कारखान्यांत आहे. कुणी नाही म्हटलं तर माझा विश्वास बसणार नाही. आम्ही एकच अट घातली. चौथा भाग भरायचा तर ज्याला शिकवलं त्याने दुसऱ्या लाइनच्या सेटरसमोर काम करून, 'का'सकट बोलून दाखवायचं. त्या आठवड्यात बोर्डवरची बरीच वर्तुळं एकदम रिकामी झाली. प्लांट हेडनी बोर्ड पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'ऑडिट कधी आहे?'

सगळ्यांना जमलं असंही नाही. एका सुपरवायझरने ते पाच प्रश्न पोलिसी खाक्याने विचारले : 'काय असायला पाहिजे? आं? आणि काय आहे?' पोरं त्याला बघून टॉयलेटला पळायची. त्याच्याकडून कार्ड काढून घेतलं आणि त्याला डिस्पॅचचं नियोजन दिलं, ते तो उत्तम करतो. उलट असेंब्लीतल्या बायकांनी कार्डाची वाटही पाहिली नाही. तिथली लाइन लीडर नव्या मुलीला आधी शेजारी बसवायची, मग तिलाच विचारायची, 'हा ओ-रिंग (रबरी कडी) कुठे फाटतो गं, तुला काय दिसतं?' ती हे आधीपासूनच करत होती. फक्त ते आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

काही ठिकाणी प्रश्न विचारायचेच नाहीत, हेही ठरवून घ्यावं लागलं. मशीनच्या दाराचा इंटरलॉक, म्हणजे दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय, कुणी बायपास केलेला दिसला तर 'तुला काय वाटतं?' नाही, आधी मशीन बंद. ग्राहकाकडे चुकीचा माल निघाला असेल तर आधी माल अडवायचा. प्रश्न संध्याकाळी. एका नव्या सुपरवायझरने उघड्या दारासमोर उभं राहून पहिला प्रश्न वाचायला घेतला होता. त्याचा हेतू चांगला होता, पण त्याला तिथल्या तिथे थांबवलं.

शिकवलेला पोरगा दोन हजार जास्त मिळाले की शेजारच्या गल्लीतल्या कंपनीत जातो, ही तक्रार रोजची आहे, आणि खरी आहे. परभणीचा तो ऑपरेटरही गेला. त्याचं कंत्राट संपलं, नूतनीकरण वरच्या मंजुरीत अडकलं, तो थांबला नाही. माझं मत विचाराल तर कंत्राटाच्या या येरझाऱ्या चालू ठेवून कोचिंग कल्चरच्या गप्पा मारणं म्हणजे गळक्या टाकीला नवा नळ बसवणं आहे. हे मी मीटिंगमध्येही म्हटलंय. उत्तर मिळालं नाही, पण वर्तुळात तीन भाग भरलेल्या कंत्राटी मुलांची यादी आता नूतनीकरणाच्या आधी माझ्याकडे येते, आणि त्यातल्या काहींना कायम केलं गेलं.

महिनाअखेर हा अजून तिढाच आहे. शेवटचे तीन-चार दिवस डिस्पॅचचा असा रेटा असतो की प्लांट हेड स्वतःच पुन्हा 'कोणामुळे?' विचारायला लागतात. आम्ही त्यावर भांडत बसत नाही. त्या दिवसांत रोजची दहा मिनिटं तेवढी सोडायची नाहीत, असा समझोता आहे. बहुतेक वेळा तो पाळला जातो.

थर्ड शिफ्टला मात्र काहीच पोचलेलं नाही. रात्री सुपरवायझर एकच, सेटर कमी, मी नसते, प्लांट हेड नसतात. सेटरला किती वेळा बोलावलं याचं आम्ही प्रत्येक लाइनला रजिस्टर ठेवतो. फर्स्ट आणि सेकंड शिफ्टची पानं आता बऱ्यापैकी कोरी असतात, थर्डची भरलेली. नव्या वर्षाच्या बजेटमध्ये रात्रीसाठी दोन जादा सेटर मागितले आहेत. मामांनी त्यातली एक जागा स्वतःहून मागितली, रात्रपाळीचा भत्ता वाढवून देणार असाल तर, या अटीवर. भत्त्याची फाइल सध्या फायनान्सकडे आहे.